ट्रायलमध्ये जावं की नको? निर्णयाआधी रुग्णाच्या शेजारी बसणाऱ्यांसाठी

सिंधुदुर्गातला पेशंट गोव्यात बांबोळीला नाहीतर कोल्हापूरला जातो. रत्नागिरीकडचा डेरवण, कोल्हापूर करत शेवटी मुंबईत परळला पोचतो. तिथे ओपीडीत कधीतरी डॉक्टर सांगतात, "एक स्टडी चालू आहे, तुम्ही त्यात बसताय. वाचून बघा." ही स्टडी म्हणजेच ट्रायल: एखादं औषध किंवा उपचार रुग्णांवर तपासून बघायचा अभ्यास. हातात माहितीपत्रक आणि संमतीपत्राचा पंधरा-वीस पानांचा गठ्ठा येतो, पुढच्या तारखेची चिठ्ठी येते, आणि प्लास्टिकच्या पिशवीत रिपोर्टांबरोबर तो गठ्ठा तुतारी एक्स्प्रेसने गावी येतो. मग वाडीत चर्चा. एक म्हणतो, "उंदरावर करतत तसा तुमच्यार करतले." दुसरा म्हणतो, "फुकट औषध मिळतासा तर घेवन टाका." दोघांनीही तो गठ्ठा उघडलेला नसतो.

अशा वेळी डॉक्टर नसलेला, नात्यातला नसलेला, पण त्याच वाटेने जाऊन आलेला माणूस शेजारी असला तर फार फरक पडतो. हा लेख अशा माणसासाठी आहे. मी त्याला सोबती म्हणतो. सोबत्याने कुणाला ट्रायलमध्ये घालायचं नाही आणि कुणाला तिथून ओढूनही काढायचं नाही. सही करण्याआधी रुग्णाच्या पोटातले प्रश्न ओठांवर यावेत, त्यांची उत्तरं योग्य माणसाकडून मिळावीत, एवढं त्याने बघायचं.

सोबती कोण असावा

तोच किंवा तशाच प्रकारचा आजार काढलेला, स्वतःचे उपचार संपवून जरा सावरलेला माणूस. स्वतः ट्रायलमध्ये भाग घेतलेला असेल तर उत्तम, पण त्यात एक धोका आहे. ट्रायलमध्ये जाऊन बरा झालेला माणूस नकळत जाहिरात करतो. ज्याला त्रास झाला तो नकळत घाबरवतो. म्हणून माझं मत असं की जमेल तिथे दोघे गाठावेत: एक गेलेला आणि एक विचारपूर्वक नाही म्हणालेला किंवा मधूनच बाहेर पडलेला. दोघांचं ऐकलं की रुग्णाला कळतं की शहाणी माणसं दोन्हीकडे असतात.

सोबत्याने औषध कंपनीकडून किंवा ट्रायल चालवणाऱ्या विभागाकडून एक रुपयाही घेऊ नये. चहापाण्याचा खर्च आपल्या गटाने करावा. ओळख करून द्यायला आशाताईंची मदत जरूर घ्या, पण निर्णयाच्या बैठकीत त्यांना बसवू नका. गावात आशाताईंना "नाही" म्हणणं अवघड जातं, आणि त्यांनाही त्यात उगाच अडकायला होतं.

भेटीआधी मोबाईलवर तासभर

गठ्ठ्याच्या पहिल्या पानावर नोंदणी क्रमांक शोधा. भारतातल्या ट्रायल 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया' म्हणजे सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असतात. ती 2007 मध्ये सुरू झाली आणि 15 जून 2009 पासून ट्रायलची नोंद तिथे करणं सक्तीचं आहे. क्रमांकात 'सीटीआरआय' ही अक्षरं, मग वर्ष, महिना आणि आकडे असतात. तो टाकून शोधलं की ट्रायल कोण घेतंय, पैसे कोणाचे, कितव्या टप्प्याची आहे, कुठल्या कुठल्या हॉस्पिटलांत चालू आहे आणि एथिक्स कमिटीने, म्हणजे रुग्णांचे हक्क आणि सुरक्षितता बघणाऱ्या समितीने, मान्यता दिली का, हे सगळं दिसतं. क्रमांक सापडलाच नाही तर घाबरवू नका. हॉस्पिटलात विचारायचा पहिला प्रश्न मिळाला म्हणा.

टप्प्यांबद्दल थोडक्यात. पहिल्यात औषध माणसाला झेपतं का आणि किती द्यायचं हे बघतात, दुसऱ्यात आजारावर काही परिणाम दिसतो का हे, तिसऱ्यात बऱ्याच रुग्णांवर चालू उपचाराशी तुलना करतात, आणि चौथा टप्पा औषध बाजारात आल्यानंतरचा. पैशांसाठी तरुण पोरं दोन-चार दिवस जाऊन राहतात आणि रक्त देतात, ते निरोगी माणसांवरचे अभ्यास. त्यांची गल्लत इथे करू नका.

आणखी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. नव्या औषधाच्या ट्रायलला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागते आणि तिला 2019 चे 'नवी औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम' पूर्णपणे लागू होतात. बाजारात असलेलंच औषध वेगळ्या आजारासाठी किंवा वेगळ्या डोसने डॉक्टर ज्ञानासाठी तपासतात, त्या ट्रायलला सहसा एथिक्स कमिटीची मान्यता पुरते आणि तिथे आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं चालतात. नुकसानभरपाई कोण देणार याचं उत्तर या फरकावर ठरतं.

पहिली भेट

रुग्णाच्या घरी जा, पण ओटीवर चार माणसं जमली असतील तर कागद काढू नका. चहा घ्या, आंब्याच्या मोहराबद्दल बोला आणि नंतर एकट्याने भेटायची वेळ ठरवा.

बाई रुग्ण असेल तर हे दुप्पट खरं. वेंगुर्ल्याकडच्या एका काकींच्या घरी बैठक होती. बोलत होता मुंबईहून आलेला मुलगा. काकी चुलीकडे. मुलगा गाडीच्या तिकिटाबद्दल फोन करायला खळ्यात गेला, तेव्हा त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "माझे केस परत जातले काय, ता इचार आधी." मुलगा जगण्याच्या टक्केवारीत अडकला होता, आईला आधीच्या केमोनंतर नुकतेच आलेले केस जायचे नव्हते. प्रश्न किरकोळ नव्हता. कागदावर आठव्या पानाला त्याचं उत्तर होतं.

शुद्धीवर असलेल्या प्रौढ माणसाची संमती त्याची त्यानेच द्यायची असते. नवऱ्याची, मुलाची, सरपंचाची सही त्या जागी चालत नाही. 2009–10 मध्ये आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात मुलींना एचपीव्ही लस (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची) देण्याचा जो प्रकल्प झाला, त्यात वसतिगृहांच्या वॉर्डनांच्या सह्यांवर काम भागवलं गेलं आणि संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. "घरचे बघतील काय ते" असं रुग्ण म्हणाला तर त्याला हे सांगा की घरच्यांना विचारा, पण सही तुमची आहे.

पहिल्या भेटीत सल्ला देऊ नका. "तुम्हांला काय सांगितलं?" एवढाच प्रश्न विचारा आणि त्यांच्या शब्दांत ऐका. त्यात काय सुटलंय आणि कुठे गैरसमज झालाय ते लिहून ठेवा.

कागद वाचायला बसणं

दुसऱ्या भेटीत गठ्ठा उघडा. तो मराठीत हवा. इंग्रजी हातात दिला असेल तर मराठी प्रत मागायचा रुग्णाला हक्क आहे. मोठ्याने वाचा, पानागणिक थांबा, पेन्सिलने खुणा करा. एका बैठकीत संपवायचा हट्ट नको.

सगळ्यांत जास्त वेळ एका गोष्टीवर घालवा: ट्रायल नसती तर या रुग्णाला आज कोणता उपचार मिळाला असता? तो काय आहे, कितपत चालतो, आपल्याला परवडतो का, कोणत्या योजनेत बसतो? हे कळल्याशिवाय नव्या औषधाची किंमतच करता येत नाही. कागदावर हे बहुधा 'इतर उपचार पर्याय' या मथळ्याखाली दोन ओळींत उरकलेलं असतं. या दोन ओळींवर डॉक्टरांना दहा मिनिटं बोलायला लावावं.

मग गट कसे पाडणार ते. बहुतेक मोठ्या ट्रायलमध्ये कोणाला नवं औषध आणि कोणाला चालू उपचार हे कॉम्प्युटर ठरवतो, भिशीची चिठ्ठी निघावी तसं. डॉक्टरांच्या ओळखीने किंवा आमदाराच्या पत्राने त्यात फरक पडत नाही, पडूही नये. काही वेळा रुग्णालाही कळत नाही आणि डॉक्टरलाही नाही की कोणत्या गटात काय चाललंय. प्लासिबो म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी असेल, तर विचारा: चालू उपचाराच्या वर प्लासिबो आहे, की त्याच्या जागी? पहिला प्रकार नेहमीचा. दुसरा असेल तर कारण समजल्याशिवाय पुढे जाऊ नये.

इथे रुग्णाच्या मनात हटकून एक समज असतो: नवं म्हणजे चांगलं, आणि डॉक्टर माझ्या भल्यासाठीच देताहेत. हा समज हळूच सोडवावा लागतो. मी दोन उदाहरणं सांगतो. करोनाच्या वेळी प्लाझ्मासाठी लोक रात्री-अपरात्री दाते शोधत फिरत होते. आयसीएमआरने 2020 मध्ये 39 हॉस्पिटलांतल्या 464 रुग्णांवर ट्रायल घेतली. प्लाझ्माने आजार बळावणंही थांबलं नाही आणि मृत्यूही कमी झाले नाहीत. दुसरं उदाहरण आपल्याकडच्या मिश्री-तंबाखूवाल्यांना जवळचं. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीचा असताना आणि मानेत गाठ लागत नसताना, मानेतल्या गाठी त्याच ऑपरेशनमध्ये काढाव्यात की पुढे दिसल्या तर काढाव्यात, यावर सर्जनांमध्ये दुमत होतं. टाटा मेमोरियलने ट्रायल घेतली, 2015 मध्ये निकाल आला. आधीच काढलेल्यांत तीन वर्षांनी 80 टक्के रुग्ण हयात होते, वाट पाहिलेल्यांत 67.5 टक्के. आज त्याचा फायदा सगळ्यांना होतो. पण चिठ्ठी निघाली त्या दिवशी कोणता गट बरा हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि निम्म्या माणसांच्या वाट्याला पुढे कमी ठरलेला उपचार आला. दोन्ही बाजू सांगा. एकच सांगितलीत तर तुम्ही जाहिरात करताय नाहीतर भीती घालताय.

उरलेल्यांत या गोष्टींवर पेन्सिल फिरवा: काय काय त्रास होऊ शकतो आणि त्यातला न भरून येणारा कोणता, किती वेळा रक्त, किती वेळा स्कॅन, बायोप्सी पुन्हा आहे का, रक्ताचे नमुने पुढे किती वर्षं ठेवणार आणि देशाबाहेर जाणार का, मूल होण्याच्या वयात असाल तर काय बंधनं, मुख्य डॉक्टरांचा आणि एथिक्स कमिटीच्या सचिवांचा फोन नंबर. हा शेवटचा नंबर तिथेच उभं राहून लावून बघा. लागत नसेल तर तेही कळलेलं बरं.

गाडी, घाट आणि पैसे

शहरातल्या माणसाच्या हे लक्षात येत नाही, म्हणून इथे सोबत्याचा खरा उपयोग. कागदात 'व्हिजिट'चं कोष्टक असतं. ते घेऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकेक तारीख टाका. मग बघा कोणती व्हिजिट जून-जुलैत येते. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्या सावकाश जातात, आंबोली किंवा भुईबावडा घाटात दरड आली की कोल्हापूर आणि बेळगावकडची वाट बंद. खलाशाला जून-जुलै बरा पडतो, कारण 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. बागायतदाराला एप्रिल-मे अजिबात नको. गणपतीच्या आगेमागे व्हिजिट असेल तर रिझर्व्हेशन साठ दिवस आधी उघडतं त्या सकाळीच बसायला हवं, नाहीतर विसरा.

प्रत्येक व्हिजिटला आगेमागे काही दिवसांची मुभा असते. ती किती, हे ट्रायलच्या कोऑर्डिनेटरला विचारा आणि कॅलेंडरवर कंसात लिहा. काही तपासण्या ओरोस किंवा रत्नागिरीला करून चालतील का, हेही विचारा. बऱ्याचदा नाही म्हणतात, पण कधी कधी रक्ताच्या साध्या तपासणीला हो म्हणतात.

प्रवासखर्च मिळणार का, किती, रोख की खात्यात, सोबत येणाऱ्याचा धरून का? कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत उपचारासाठीच्या प्रवासात सवलत असते, त्याचा फॉर्म हॉस्पिटलातूनच भरून घ्यायचा. आणि मुक्काम. लालबागला किंवा डोंबिवलीला पुतण्याकडे उतरणार असं ठरलेलं असतं. पुतण्याच्या बायकोला कोणी विचारलेलं नसतं. दहा बाय दहाच्या खोलीत महिन्यातून दोन रात्री, तेही दीड वर्ष. हा प्रश्न सोबत्यानेच काढावा, घरच्यांना काढता येत नाही. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, तिथली चौकशी आधीच करून ठेवा.

हॉस्पिटलात

सोबत जाणार असाल तर आदल्या रात्री प्रश्न एका कागदावर उतरवा, रुग्णाच्या हस्ताक्षरात झालं तर उत्तम. पाचच. जास्त असले की डॉक्टर घड्याळाकडे बघतात आणि रुग्ण गप्प होतो. पहिला प्रश्न रुग्णाने विचारायचा. तुम्ही बोलायचं ते फक्त तो अडला तर: "डॉक्टर, त्यांना साध्या भाषेत पुन्हा एकदा सांगाल का?" मालवणीतच समजणारी म्हातारी माणसं असतात; तेव्हा तुम्ही भाषांतर करताय तर आपल्या पदरचं काही घालू नका.

समजलं का, हे तपासायची एक साधी युक्ती. बाहेर बाकड्यावर बसल्यावर रुग्णाला म्हणा, "आता तुमच्या जाऊबाईंना समजवायचं असं समजून मला सांगा." "डाक्टरान सांगल्यान म्हणान मी सही केलंय" एवढंच बाहेर आलं तर पुन्हा आत जायचं.

रुग्णाला लिहिता-वाचता येत नसेल तर नियमाने निष्पक्ष साक्षीदार लागतो, आणि तुम्हीच तिथे असल्यामुळे तुम्हांला सही करा म्हणतील. ही सही म्हणजे माहिती माझ्यासमोर पूर्ण सांगितली गेली आणि रुग्णाने राजीखुशीने होकार दिला, याची ग्वाही. तुम्ही चहाला गेला होतात तर करू नका. नवीन रेणूच्या, म्हणजे आधी मंजूर न झालेल्या, औषधाची ट्रायल असेल आणि रुग्ण दुर्बल गटातला असेल, तर संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करावं लागतं. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी नुसता आवाज टिपतात. कॅमेरा बघून रुग्ण बुजतो, म्हणून आधी कल्पना देऊन ठेवा. सही झालेल्या संमतीपत्राची प्रत आणि माहितीपत्रक घेतल्याशिवाय उठायचं नाही.

हो किंवा नाही

त्याच दिवशी सही करा असं कोणी म्हणत असेल आणि आजार तातडीचा नसेल, तर "घरी विचार करून पुढच्या तारखेला सांगतो" हे वाक्य रुग्णाकडून दोनदा म्हणवून घ्या. नकाराचंही वाक्य तयार ठेवा: "डॉक्टर, मला ट्रायलमध्ये जायचं नाही, पण तुमच्याकडेच नेहमीचा उपचार घ्यायचा आहे." नाही म्हटल्याने नेहमीच्या उपचारात फरक पडता कामा नये, हे संमतीपत्रातच छापलेलं असतं. ते ओळीवर बोट ठेवून दाखवा.

गावात बरेच जण ग्रामदेवतेला कौल लावतात. त्याची टिंगल करू नये. मी एवढंच सांगतो की आधी पाचही प्रश्नांची उत्तरं येऊ देत, मग गाऱ्हाणं घाला. उत्तरं हातात असली की गाऱ्हाण्यातला प्रश्नही नेमका होतो, आणि पुष्कळदा देवळाच्या पायरीवर चढेपर्यंत माणसाचं ठरलेलं असतं.

तुम्हांला "तुम्ही काय केलं असतंत?" असं विचारतीलच. टाळू नका, खोटंही बोलू नका. तुम्ही काय केलंत आणि तेव्हा तुमची परिस्थिती कशी होती ते सांगा, आणि त्यांची कुठे वेगळी आहे तेही लगेच सांगा.

भाग घेतल्यावर

शंभर पानी वही घ्या. तारीख, गोळी किती वाजता, काय वाटलं. ट्रायलचं कार्ड पाकिटात आधारकार्डाबरोबर. गावच्या डॉक्टरांना सांगून ठेवा की रुग्ण ट्रायलमध्ये आहे. झाडपाल्याचं औषध, काढा, मेडिकलमधून विचारून आणलेली गोळी, यांतलं काहीही कोऑर्डिनेटरला विचारल्याशिवाय नको. रिकाम्या स्ट्रिप्स फेकू नका, त्या मोजून परत द्यायच्या असतात.

एकाच ट्रायलमधले दोन रुग्ण भेटले की "तुझी गोळी कडू लागते का, तुझे पाय दुखतात का" सुरू होतं, आणि कोण कोणत्या गटात याचे अंदाज बांधले जातात. मनाच्या आधारासाठी एकत्र बसावं, पण या तुलनेपासून सोबत्याने विषय वळवावा; अंदाजावरून लोक गोळ्या सोडतात आणि ट्रायलचंही वाटोळं होतं. रुग्णाचं नाव, फोटो, रिपोर्ट व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचे नाहीत. गावच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर तर नाहीच, मदतीसाठी असलं तरी.

काही बिघडलं तर

रात्री कुडाळला किंवा चिपळूणला अॅडमिट करावं लागलं, तर आधी अॅडमिट करा आणि लगेच ट्रायलच्या डॉक्टरांना फोन करा. गंभीर त्रास कळल्यापासून 24 तासांत त्यांना तो औषध नियंत्रक, प्रायोजक (ट्रायल करवून घेणारी कंपनी किंवा संस्था) आणि एथिक्स कमिटीला कळवावा लागतो, म्हणून फोनची वेळ वहीत लिहा. डिस्चार्ज कार्ड, बिलं, रिपोर्ट सगळं जपा.

2019 च्या नियमांप्रमाणे ट्रायलमध्ये असताना इजा झाली तर गरज आहे तोवर, किंवा ती ट्रायलमुळे नाही हे सिद्ध होईपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोवर उपचार मोफत. इजा ट्रायलमुळेच असेल तर त्यावर नुकसानभरपाई वेगळी. मृत्यू झाला तर ती वारसांना मिळते आणि तिचं सूत्र 8 लाख रुपयांच्या पायाभूत रकमेवर आहे, वय आणि मूळ आजाराची जोखीम पाहून ती वरखाली होते. ही प्रक्रिया आपोआप चालायला हवी, पण पाठपुरावा लागतो. रुग्ण गेल्यावर घरच्यांना ते सुचत नाही. तेरावं झाल्यावर सोबत्याने एकदा जाऊन कागदांची फाइल लावून द्यावी आणि एथिक्स कमिटीला लेखी पत्र पाठवायला मदत करावी.

बाहेर पडणं आणि शेवटची व्हिजिट

कोणत्याही दिवशी, कारण न सांगता, रुग्ण ट्रायल सोडू शकतो. मात्र गोळ्या एकदम बंद करून गप्प घरी बसू नये. काही औषधं हळूहळू कमी करावी लागतात. फोन करून सांगायचं, शेवटची तपासणी करून घ्यायची. मध्येच नवी माहिती आली आणि पुन्हा सही मागितली, तर तो गठ्ठाही पहिल्यासारखाच वाचायचा.

ट्रायल पूर्ण झाली तर शेवटच्या व्हिजिटला तीन गोष्टी विचारून घ्या. मी कोणत्या गटात होतो हे कधी कळेल? निकाल लागल्यावर मला कळवणार का, कोणत्या पत्त्यावर? आणि औषधाने गुण आला असेल तर पुढे मिळेल का? दुसरा इलाज नसेल, ट्रायलच्या डॉक्टरांनी शिफारस केली आणि एथिक्स कमिटीने मान्य केलं, तर प्रायोजकाने ते पुढेही मोफत द्यावं अशी तरतूद नियमांत आहे. शिफारस लेखी मागावी लागते, आणि ती गोळ्या संपायच्या आधी मागावी.